पडदा पडल्यानंतरचा अभ्यास

इंदूर जिल्ह्यातील देपालपूर तालुक्यात गौतमपुरा नावाचे गाव आहे. दिवाळीच्या पाडव्याला, दिवस मावळतीला आला की, तेथील मैदानावर दोन दळे समोरासमोर उभी राहतात. हिंगणबेटाचे फळ पोखरून, आत दारू ठासून, त्याला बांबूची काडी बांधली म्हणजे 'हिंगोट' सिद्ध होतो. असे पेटते हिंगोट एकमेकांवर फेकण्याची ही जुनी रीत. गौतमपुऱ्याचे दळ 'तुर्रा', तर शेजारच्या रुणजीचे दळ 'कलंगी' म्हणविते. बघ्यांची नजर हिंगोटाच्या जाळाकडे असते. नाट्येतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र त्या दोन नावांपाशी थबकले पाहिजे.

कारण ही नावे मराठी माणसाला परकी नाहीत. महाराष्ट्रातील शाहिरांचे कलगी आणि तुरा असे दोन पक्ष प्रसिद्धच आहेत. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानीत, तुरेवाले शिवाला. आणि सवालजबाबाने रात्र जागविली जाई. कोकणात तोच सामना 'शक्ती-तुरा' म्हणून रंगतो. राजस्थानात चितोडच्या परिसरात तुर्रा-कलंगी हे लोकनाट्याचेच नाव आहे. तुकनगीर आणि शाह अली ह्या दोन संतकवींना चंदेरीच्या राजाने एकास तुरा व दुसऱ्यास कलगी बहाल केली, अशी तेथील आख्यायिका. म्हणजे कोकणच्या किनाऱ्यापासून मेवाडपर्यंत जी जोडी गाण्यातून व नाट्यातून भांडते, तीच येथे आगीच्या खेळात उभी आहे. हा योगायोग की नाते? नावाच्या साम्याने नाते सिद्ध होत नाही. परंतु प्रश्न मात्र उभा राहतो. आणि पदव्युत्तर अभ्यासाचा आरंभ उत्तरापासून नव्हे, प्रश्नापासून होत असतो.

समजा, देपालपुरातील एखाद्या पदवीधर मुलीने हा प्रश्न मनावर घेतला आणि नाट्येतिहासात एम. ए. करण्याचे ठरविले. घरात पहिला उद्गार निघेल तो हाच : "नाटकाचा इतिहास शिकून मिळणार काय?" ह्या उद्गाराची थट्टा करण्याचे कारण नाही. शेतीच्या उत्पन्नातून इंदूरच्या खोलीचे भाडे भरणाऱ्या बापाला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. म्हणून त्याचे उत्तरही सरळ दिले पाहिजे.

प्रथम हे स्पष्ट असावे की, नट होणे आणि नाट्येतिहासाचा अभ्यासक होणे ह्या दोन भिन्न वाटा आहेत. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ मध्ये निघाले, भोपाळचे मध्य प्रदेश नाट्य विद्यालय २०११ मध्ये. तेथे मुख्य भर प्रयोगाच्या शिक्षणावर असतो. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी, बडोद्याच्या विद्यापीठातील नाट्यविभाग, अशा ठिकाणी पदव्युत्तर अभ्यास करता येतो आणि प्रयोगाबरोबर इतिहासाचीही ओळख होते. परंतु संशोधनाची शिस्त ज्याची त्यालाच अंगी बाणवावी लागते. ती कोणत्याही पदवीबरोबर आपोआप येत नाही.

ह्या विषयाची खरी अडचण त्याच्या स्वभावातच आहे. मूर्तिकार गेला तरी मूर्ती राहते. कवी गेला तरी पोथी राहते. नाटकाचा प्रयोग मात्र पडदा पडताच संपतो. संहिता उरली तरी ती म्हणजे प्रयोग नव्हे. मग इतिहास लिहावा कशावरून? युरोपातील अभ्यासकांनी ह्याचे एक उत्तर शोधले. इंग्लंडमधील यॉर्क, कॉव्हेंट्री ह्या नगरांत मध्ययुगात कारागिरांचे संघ बायबलातील कथांची नाटके करीत. त्या प्रयोगांचे स्वरूप कळण्यास संघांच्या हिशेबवह्यांचा मोठाच उपयोग झाला. नरकाच्या तोंडाशी विस्तव सांभाळणाऱ्या माणसाला दिलेल्या मजुरीचीही नोंद कॉव्हेंट्रीच्या हिशेबात आहे. त्या क्षुद्र नोंदीने रंगमंचावर खरा विस्तव होता हे सिद्ध झाले. अशा नोंदी एकत्र करून छापण्याचे काम टोरांटो येथून चालले असून यॉर्कचे खंड १९७९ मध्ये निघाले.

मराठीतही पुराव्याने इतिहास हलविल्याचे उदाहरण आहे. विष्णुदास भावे ह्यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' केले, तेथून मराठी रंगभूमीचा आरंभ मानण्याची प्रथा रूढ आहे. परंतु तंजावरच्या सरस्वती महालातील हस्तलिखितांत शहाजीराजांची मराठी नाटके मिळाली. ह्या राजाची कारकीर्द १६८४ ते १७१२. म्हणजे आरंभाची रेषा सुमारे दीडशे वर्षे मागे गेली! तथापि तेवढ्याने भाव्यांचे श्रेय कमी होत नाही. तंजावरचे नाटक दरबाराच्या आश्रयाने वाढले. भाव्यांचे पुढे तिकीट काढणाऱ्या लोकांपुढे आले. प्रश्न सनावळीचा नसून 'आरंभ' कशाला म्हणावे ह्याचा आहे. हा भेद ज्याला उमगला, तो नाट्येतिहासाचा विद्यार्थी झाला असे समजावे.

देपालपूरच्या त्या मुलीपुढे असाच एक अनुच्चारित भाग पडलेला आहे. मराठी रंगभूमीचा इतिहास बहुधा सांगली, पुणे, मुंबई ह्या त्रिकोणात सांगितला जातो. परंतु नाटक मंडळ्यांचे दौरे बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर येथवर होत. होळकर दरबारचा कारभार दीर्घकाळ मराठीत व मोडी लिपीत चाले. त्याच भूमीत उज्जैनच्या गुरु बालमुकुंदांसारख्यांनी एकोणिसाव्या शतकात 'माच' हे माळवी लोकनाट्य नावारूपास आणले. माचात आरंभी भिश्ती येऊन पाणी शिंपडतो, फर्रासन जाजम अंथरते, चोपदार पुकारा करतो आणि मग कथा सुरू होते. तमाशातील गण-गवळण ज्याने पाहिली आहे, त्याला ह्या पूर्वरंगाचे नवल वाटणार नाही. आता मराठी नाटके येथे मुक्कामाला असता माचवाल्यांनी ती पाहिली काय? त्यांच्या चाली, पोशाख, पडदे इकडून तिकडे गेले काय? ह्या प्रश्नांना हात घालण्यास माळवी, हिंदी व मराठी ह्या तिन्ही भाषा जाणणारा आणि मोडी वाचणारा अभ्यासक हवा. पुण्याच्या विद्यार्थ्याला माळवी शिकावी लागेल. देपालपूरच्या मराठी घरातील मुलीला ती अंगणातच मिळालेली असते. तिला शिकायची उरते ती मोडी.

मिळकतीविषयी खोटी आशा दाखवू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेत नाट्य हा विषय आहे. ती उत्तीर्ण झाल्यास अध्यापनाची वाट खुली होते. पण जागा थोड्या असतात. म्हणून जोडीला भाषेची अथवा शिक्षणशास्त्राची पदवी असणे शहाणपणाचे. घरच्यांना एवढे सांगावे की, ही पोटाची हमी नव्हे. परंतु कागदपत्र वाचणे, साक्षी पारखणे आणि नेमके लिहिणे ही ह्या अभ्यासातून येणारी कौशल्ये कोणत्याही कचेरीत वाया जात नाहीत.

आणि एक गोष्ट बापालाही पटावी. उज्जैनचे पंडित ओमप्रकाश शर्मा ह्यांना माचाच्या सेवेबद्दल २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. सन्मान झाला, आनंद झाला. परंतु सन्मानाने वह्या टिकत नाहीत. माचाचे बोल उतरलेल्या जीर्ण वह्या एखाद्या घराच्या माळ्यावर असतील, तर त्यांना वाळवी पदवीची वाट पाहत थांबणार नाही. ज्या म्हाताऱ्याने रात्रभर टेक झेलली, त्याला कोणत्या रात्री, कोणाच्या खर्चाने, कोणत्या उजेडात खेळ झाला हे आठवते. स्त्रिया कोठे बसत हेही आठवते. तो गेला की त्या रात्रीचा इतिहासही गेला.

म्हणून प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीच तिने एक वही घ्यावी. पुढच्या पाडव्याला गौतमपुऱ्याच्या मैदानाच्या कडेला, ढालींपासून सुरक्षित अंतरावर, कोणी वृद्ध बसलेले असतील. हिंगोट विझेपर्यंत वाट पाहावी, नमस्कार करावा आणि विचारावे : "बाबा, तुर्रा हे नाव तुम्ही पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकले?" जे उत्तर मिळेल ते त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून घ्यावे. तेवढ्याने तिच्या पदव्युत्तर अभ्यासाचे पहिले पान लिहून होईल.