गाडी थांबवणं वेगळं, झडती वेगळी

स्वयंपाकाची वेळ आहे, हात चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या. आज कर्ज, हप्ता, शेळ्या यांतलं काही नाही. आज रस्त्यावरच्या नाकाबंदीबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, त्याचा आपल्याशी काय संबंध? मलाही मागच्या वर्षापर्यंत असंच वाटत होतं.

आमच्या एका गटातल्या ताईंनी बँकेचं कर्ज काढून छोटा हत्ती घेतला. गाडी ताईंच्या नावावर. मुलगा रात्री भाजी भरून मार्केटला न्यायचा. एका रात्री वाटेत एका ओळखीच्या माणसाने हात केला. "फाट्यापर्यंत सोड," म्हणाला. बसला, उतरला, पण त्याचं पोतं मागे कॅरेटच्या आड राहिलं. पुढे नाकाबंदी होती. गाडीचा एक दिवा बंद म्हणून पोलिसांनी थांबवलं. मागे बॅटरी मारली, तर पोत्यात गांजा. वजन भरलं तीन किलोच्या आसपास. पोरगं आत, गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात, आणि हप्त्याची तारीख तोंडावर.

त्या महिन्याच्या सभेत ताई आल्या. मैत्रिणींनो, त्यांच्या शेजारी कुणी बसलं नाही. मीसुद्धा रजिस्टरमध्ये मान घालून बसले. हे सांगताना आजही लाज वाटते. सभा संपल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "मॅडम, दिवा बंद होता म्हणून गाडी थांबवली, मग पोती तपासता येतात का?" मला उत्तर देता आलं नाही. मग मी त्यांच्याबरोबर कोर्टात खेपा घातल्या आणि वकिलांना विचारून विचारून समजून घेतलं. तेच आज सांगते.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा. गाडी थांबवणं ही एक. गाडीची झडती ही दुसरी. अंगझडती ही तिसरी. तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

गाडी थांबवून लायसन, आरसी, विमा, पीयूसी मागण्याचा पोलिसांना अधिकार आहे. मोबाईलवर डिजिलॉकरमधले कागद दाखवले तरी चालतात. इथे वाद घालण्यात अर्थ नाही.

गाडीची झडती मात्र मनात आलं म्हणून घ्यायची नाही. अमली पदार्थांचा कायदा 1985 सालचा आहे, त्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. त्याच्या कलम 49 प्रमाणे गाडीतून असा माल नेला जातोय अशी शंका घ्यायला कारण असलं, तर अधिकार दिलेला अधिकारी गाडी थांबवून तपासू शकतो. हा अधिकारी शिपायाच्या वरच्या दर्जाचा हवा. पोलिसांना आधीच खबर मिळाली असेल, तर कलम 42 प्रमाणे ती लिहून ठेवावी लागते आणि 72 तासांत वरिष्ठांना पाठवावी लागते. 2021 साली हरियाणातल्या एका खटल्यात जीप सार्वजनिक रस्त्यावर उभी होती, पण खाजगी होती. हे लिहिण्याचं काम केलं नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं.

मग ताईंच्या प्रश्नाचं उत्तर काय? दिव्यासाठी थांबवलं आणि तपासताना अचानक गांजा दिसला, तर पोलिसांनी डोळे मिटून घ्यावेत असं कायदा म्हणत नाही. पण 1994 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की, माल सापडला त्या क्षणापासून पुढचं सगळं एनडीपीएसच्या नियमांप्रमाणेच व्हायला हवं. आणि आणखी एक खरं सांगते, म्हणजे खोटी आशा नको. आपल्याकडे झडतीत चूक झाली म्हणून माणूस आपोआप सुटत नाही. कुठली चूक, किती मोठी, हे न्यायालय बघतं.

आता अंगझडती. इथे कलम 50 आहे आणि ते फार मोलाचं आहे. अमली पदार्थांसाठी तुमचं अंग तपासायचं असेल, तर आधी तुम्हाला सांगावं लागतं, की राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर झडती घ्या असं मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. 1999 साली पंजाबच्या खटल्यात पाच न्यायाधीशांनी हे पक्कं केलं. हा हक्क सांगितलाच नाही आणि अंगावर सापडलेल्या मालावरच शिक्षा दिली, तर ती शिक्षा टिकत नाही. आणि बाईची अंगझडती फक्त बाईनेच घ्यायची. रात्र असो, गर्दी असो, यात सूट नाही. पण लक्षात ठेवा, हे कलम अंगासाठी आहे. पिशवी, पोतं, डिकी यांना ते लागू होत नाही. ताईंच्या मुलाच्या खिशात काही नव्हतं, सगळं पोत्यात होतं. म्हणून त्याला या कलमाचा आधार मिळाला नाही.

शिक्षा वजनावर ठरते. गांजा एक किलोपर्यंत असेल तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा 10 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक ते 20 किलोच्या मध्ये असेल तर 10 वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. 20 किलोच्या वर गेला की कमीत कमी 10 आणि जास्तीत जास्त 20 वर्षं, दंड एक ते दोन लाख, आणि जामीनही फार अवघड. म्हणून वजन समोर भरलं का, पंचनाम्यात तेच लिहिलं का, हे बघणं फार गरजेचं.

मग नाकाबंदीत करायचं काय? पळायचं नाही, हात झटकायचा नाही, आरडाओरडा नाही. शांतपणे विचारायचं, "साहेब, तुमचं नाव काय, झडती कशासाठी?" दोन पंच आहेत का बघायचं. 1 जुलै 2024 पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्या कलम 105 प्रमाणे झडतीचं आणि जप्तीचं मोबाईलवर चित्रीकरण करायचं असतं. ते चालू आहे का, हे विचारायचं. जप्त केलेल्या वस्तूंच्या यादीची प्रत मागायची. कोऱ्या कागदावर सही नाही, वाचल्याशिवाय अंगठा नाही. ताईंच्या मुलाने घाबरून तीन कागदांवर सह्या केल्या. त्यात काय होतं, हे त्याला अजून सांगता येत नाही.

अटक केली तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं आणि 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला पोलीस अधिकारी हवी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी हवी.

आणि वकील. गावातला एकजण ताईंना म्हणाला होता, "40 हजार द्या, मी मिटवतो." ताई मंगळसूत्र मोडायला निघाल्या होत्या. मैत्रिणींनो, असं मिटत नसतं. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. कोठडीत असलेल्या माणसालाही मिळतो. फोन नंबर 15100. भिंतीवर लिहून ठेवा. ताईंना तिथूनच वकील मिळाला. तीन आठवड्यांनी मुलाला जामीन झाला. खटला अजून चालू आहे.

राहिली गाडी. गाडी ज्याच्या नावावर, त्याला कायदा प्रश्न विचारतोच. कलम 60 म्हणतं, अशा मालाची गाडी सरकारजमा होऊ शकते. ती वाचवायची तर मालकाला दाखवावं लागतं, की मला माहीत नव्हतं, गाडी चालवणाऱ्यालाही माहीत नव्हतं आणि आम्ही पुरेशी काळजी घेतली होती. खटला संपेपर्यंत गाडी गंजत ठेवायची गरज नाही. जानेवारी 2025 मध्ये आसामच्या एका ट्रकमालकाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की या कायद्यातही खटला चालू असताना गाडी अटींवर परत देता येते. ताईंच्या वकिलांनी तसाच अर्ज केला आणि हमीपत्रावर गाडी मिळाली.

पण "पुरेशी काळजी घेतली" हे दाखवायचं कशाने? न्यायाधीशांनी विचारलं, रोजच्या मालाची नोंद आहे का? ताईंकडे नव्हती. गटाची पै न पै लिहिणारी बाई, पण गाडीत वही नव्हती. आता आमच्या गावात ज्यांच्या घरी टेम्पो, रिक्षा, जीप आहे, त्या सगळ्यांच्या गाडीत वही आहे. तारीख, माल कुणाचा, कुठून कुठे, किती नग, फोन नंबर, देणाऱ्याची सही. नोंद नाही, तर माल नाही. पाहुण्याची पिशवी असली तरी उघडून बघायची. राग आला तर येऊ दे. आणि मुलांना बजावायचं, वाटेत कुणाचं पार्सल घ्यायचं नाही.

नाकाबंदी नको असं मी म्हणत नाही. गांजाने आपल्याच गावातली पोरं वाया जातायत, पोलिसांनी गाड्या तपासायलाच हव्यात. फक्त नियमाने तपासाव्यात, आणि आपल्याला नियम माहीत असावा.

या महिन्याच्या सभेत हा विषय घ्या. आणि कुणाच्या घरावर असं संकट आलं असेल, तर सभेत तिच्या शेजारी जाऊन बसा. खरं खोटं न्यायालय ठरवेल, पण हप्ता, वकील आणि कोर्टाची खेप यात ती एकटी पडायला नको. ताई आता परत सभेला येतात. मी त्यांच्या शेजारीच बसते.