हरल्यावर मी तिथंच थांबले

दुपारची जेवणं झाली असतील, भांडी पडली असतील. हात चालू द्या, कान तेवढा इकडं असू द्या.

मी ह्याच माण तालुक्यातली लेक. लग्न होऊन अमेरिकेत न्यू जर्सीला गेले त्याला चौदा वर्षं झाली. गेल्या ऑक्टोबरात तिथली बायकांची एक विभागीय पूल स्पर्धा मी जिंकले. आईनं ही बातमी बचत गटाच्या बैठकीत सांगितली. एका मावशीला वाटलं, मी नदीवर पूल बांधला. दुसरी म्हणाली, "पूल म्हंजी पोहायचं तळं, माझ्या नातवाला ठावं हाय." मग रेडिओवरच्या ताई म्हणाल्या, तूच येऊन काय ते सांग. म्हणून आले.

पूल हा टेबलावरचा खेळ. आपला कॅरम डोळ्यांपुढं आणा. आता तो बाजेपेक्षाही मोठा करा, नऊ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद. फळीच्या जागी पाटीचा दगड, त्यावर ताणून बसवलेलं कापड, कडांना रबर. भोकं चारच्या जागी सहा. सोंगट्यांच्या जागी नंबर घातलेले बॉल आणि स्ट्रायकरच्या जागी एक पांढरा बॉल. तो मारायचा जवळजवळ पाच फुटी काठीनं. तिला क्यू म्हणतात, वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर. क्यूच्या टोकाला चामडं असतं, त्यावर निळा खडू घासतात. आपण कॅरमवर पावडर टाकतो ती सोंगटी घसरावी म्हणून, आणि तिथं खडू लावतात तो काठी घसरू नये म्हणून.

आम्ही खेळतो त्या प्रकारात नऊ बॉल असतात. टेबलावर जो सगळ्यांत लहान नंबर शिल्लक असेल, त्याला पांढरा बॉल आधी लागला पाहिजे. आणि नऊ नंबरचा बॉल जी नियमानं भोकात घालील, तिचा डाव. पहिले आठ कुणी घातले ह्याला काडीची किंमत नाही. सगळा स्वयंपाक एकीनं करावा आणि वाढायला दुसरीनं पुढं व्हावं, तसं आहे हे. तुम्हाला समजायला जड जाणार नाही.

मी ह्यात कशी पडले? कपडे धुण्यापायी. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बाईला तिथं नोकरी करायची परवानगी नव्हती. २०१५ पासून आमच्यासारख्या काही जणींना कामाचा परवाना मिळू लागला, तोवर मी घरातच होते. शिकलेली बाई, हातात स्वतःचा एक डॉलर नाही. आमच्या इमारतीत धुण्याचं मशीन नव्हतं. आठवड्याला दोन पिशव्या घेऊन नाण्यांवर चालणाऱ्या मशीनच्या दुकानात जायचं आणि दीड-दोन तास बसून राहायचं. शेजारी हा पुलाचा हॉल. एकदा आत डोकावले तर चार बायका खेळत होत्या. त्यांतली एक बॉल मारायला वाकली आणि मला आमची ओसरी आठवली. भाऊ कॅरम खेळायचे, मला फक्त सोंगट्या लावून द्यायला बसवायचे. गणपतीतल्या स्पर्धेत मुलींची नावंच घेत नसत. पण रोज बघून बघून कोन डोक्यात बसले होते. त्या बायकांनी मला हाक मारली. धुणं मशीनमध्ये फिरत होतं, मी इकडं खेळत होते.

तिथंही हे सगळं बायकांना आयतं मिळालेलं नाही बरं का. अमेरिकेत बायकांची राष्ट्रीय खुली पूल स्पर्धा सुरू झाली ती १९६७ साली. पहिली पाच वर्षं ओळीनं ती डोरोथी वाइज नावाच्या बाईनं जिंकली, आणि सुरुवात केली तेव्हाच तिची पन्नाशी उलटलेली होती. तिच्यानंतर १९७२ साली जिंकली ती जीन बालुकास, वय वर्षं तेरा! तिनं पुढं १९७८ पर्यंत सलग सात वेळा ती स्पर्धा कुणाला घेऊ दिली नाही. म्हणजे आजीच्या वयाच्या बाईकडून नातीच्या वयाच्या पोरीकडे गेलेला खेळ. मला वयाचं कुणी काही बोललं की मी ह्या दोघींची नावं सांगते.

आता त्या शनिवारचं.

सोळा जणी होतो. प्रवेश फी ऐंशी डॉलर. मी आता पाळणाघरात कामाला जाते, त्या पगारातून भरली. त्याच दिवशी संध्याकाळी पाचला ओळखीच्यांकडे सत्यनारायण होता आणि चाळीस माणसांच्या पुऱ्या माझ्याकडे होत्या. मी आमच्या ह्यांना सांगून ठेवलं होतं, "जिंकत राहिले तर उशीर होईल, हरले तर चारपर्यंत येते." बोलताना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

सकाळी दहाला पहिला सामना. समोर सत्तरीची बाई, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. गुडघे दुखत होते तिचे, प्रत्येक फटक्याआधी टेबलाला हळूहळू एक फेरी मारायची. मला वाटलं, ही काय टिकते. सात डाव आधी जिंकेल तिचा सामना. तिनं मला सात-एक असं हरवलं. दोनदा तर आठही बॉल मी घातले आणि नववा सोपा असताना घाईनं मारला. तो भोकाच्या ओठावर डुलत राहिला, तिनं येऊन अलगद ढकलला. पन्नास मिनिटांत माझा खेळ खलास.

खलास म्हणजे, मला तसं वाटलं. त्या स्पर्धेत नियम असा असतो की एकदा हरलं तरी घरी जायचं नाही. हरलेल्यांची वेगळी रांग लागते, त्यात खेळायचं. तिथं मात्र पुन्हा हरलं की संपलं. ह्या रांगेतून शेवटपर्यंत कुणी येऊ शकतं, पण वाट लांब. जी हरलेली नाही ती चार सामने जिंकून अंतिम सामन्याची वाट बघत बसते. मला त्यासाठी सहा जिंकावे लागणार होते. आणि अंतिम सामन्यात तिला दोनदा हरवायचं, कारण तिची एक हार शिल्लक असते. म्हणजे सगळे मिळून आठ.

मी ह्यांना फोन केला. "हरले," म्हटलं. हे म्हणाले, "बरं झालं, लवकर सुटलीस. चाळीस मिनिटांत येतो न्यायला." मी म्हटलं, "अहो, अजून एक संधी असते." हे म्हणाले, "अगं, पण हरलीस ना? मग आता थांबायचं कशाला?"

ह्यांचा स्वभाव वाईट नाही हो. पोरीचं सगळं करतात. पण तो प्रश्न माझ्या पोटात गेला. जिंकणारीला उशीर माफ असतो, हे मीच सकाळी कबूल करून आले होते. हरलेली बाई कशाला थांबेल, ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. क्यू दोन तुकडे करून पिशवीत भरली होती. मग आईला फोन लावला. तिथं सकाळचे अकरा, इथं रात्रीचे साडेआठ. मला खरं तर रडायचं होतं.

आई म्हणाली, "आणखी खेळ हाय का?"

"हाय."

"मग माझ्याशी काय बोलतीस?" आणि ठेवला फोन.

आमच्या आईच्या गटाचं तुम्हाला ठाऊक असेल, पहिल्या वर्षी पापड वाळत घातले आणि अवकाळी पावसानं सगळा माल बुरशीला गेला. गावात चारजण म्हणाले, आता बंद करा हे. ह्या बाया दुसऱ्या दिवशी डाळ निवडायला बसल्या. तेव्हा मी लांबून फोनवर ऐकलं होतं आणि "वा वा" म्हटलं होतं. त्या अकरा वाजता मला कळलं, वा वा म्हणणं किती स्वस्त असतं.

ह्यांना पुन्हा फोन केला. "मी थांबते. पुऱ्यांची कणीक फ्रीजमध्ये मळून ठेवलीय. तळायचं कुणालातरी सांगा." पलीकडं बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "किती वाजता येऊ?" मी म्हटलं, "ते माझ्या हातात नाही."

पहिला सामना पाच-चार असा कसाबसा निघाला. हरलेल्यांच्या रांगेत पाच डावांचाच सामना असतो, चूक करायला जागा कमी. दुसऱ्याच्या वेळी, दोनच्या सुमाराला, सकाळची ती बसवाली बाई पिशवी खांद्याला लावून माझ्याजवळ आली. मला हरवल्यावर ती लागोपाठ दोन सामने हरली होती आणि घरी निघाली होती. बघा कसं असतं. म्हणाली, "तू अजून आहेस? छान. एक सांगू का, तू सकाळी बॉल बघतच नव्हतीस. माझ्या तोंडाकडं बघत होतीस. आणि सगळंच मारायला जातेस. जे मारता येत नाही ते लपव."

हे लपवणं म्हणजे काय ते सांगते, कारण मी जिंकले ती ह्यावरच. समजा तीन नंबरचा बॉल अशा जागी आहे की भोकात जाणार नाही. तरी मी त्याला पांढरा बॉल लावते, कुठलातरी बॉल कडेला टेकवते, म्हणजे माझा फटका नियमात बसला. पण पांढरा बॉल असा नेऊन थांबवते की त्याच्या आणि तीन नंबरच्या मधे दुसरा बॉल आडवा येतो. आता समोरचीला तीन नंबर दिसतच नाही. तिनं कडेवरून उडवून लावायचा प्रयत्न करायचा, आणि नाही लागला तर चूक. मग पांढरा बॉल माझ्या हातात येतो, टेबलावर हवा तिथं ठेवून मारायचा. सासुरवाशिणीला हे शिकवायची गरज नसावी, पण मला टेबलावर ते सुचलं नव्हतं. मला वाटायचं, न मारता सोडलं तर लोक म्हणतील हिला येत नाही.

त्यानंतर मी हळू झाले. प्रत्येक फटक्याआधी मीही टेबलाला एक फेरी मारू लागले. तिसरा, चौथा सामना निघाला. पाच वाजले तेव्हा मनात आलं, आता कथेला बसले असतील सगळे, आणि तेवढ्यात एक डाव घालवला. पुन्हा घड्याळाकडं बघितलं नाही. पाचव्या सामन्यात समोरची माझ्यापेक्षा सरस होती, हे मी खरं सांगते. तिनं शेवटच्या डावात पांढरा बॉलच भोकात घालवला आणि मला वाट मिळाली. नशीबही लागतं. सहावा सोपा गेला.

अंतिम सामना रात्री साडेआठला. समोरची अडीच तास बसून होती, तिचा हात थंड पडलेला. माझा सकाळपासून चालू. पहिल्यांदा तिला सात-तीन हरवलं. मग लगेच दुसरा सामना, आणि आता दोघी सारख्याच, दोघींची एकेक हार. सहा-सहा झाले. टेबलावर आठ आणि नऊ उरले. आठ नंबर लांबच्या कडेला चिकटलेला, कोन वाईट. हॉलमध्ये बारा-तेरा माणसं होती, सगळी बघत होती. सकाळची मी असते तर मारला असता. मी आठला हलकेच स्पर्श केला, तो कडेला टेकून परतला आणि पांढरा बॉल नऊच्या मागं जाऊन बसला. कुणीतरी "हं" असं म्हणालं, नाराजीनं. तिनं कडेवरून प्रयत्न केला. आठच्या बाजूनं कागद जाईल एवढं अंतर राहिलं. पांढरा बॉल माझ्या हातात आला. आठ घातला. नऊ घातला. साडेअकरा वाजले होते. सातशे डॉलर आणि एक काचेचा चषक मिळाला.

बाहेर गाडीत हे बसले होते, मागं पोरगी झोपलेली. दहापासून आले होते, आत आले नाहीत. मी म्हटलं, "आत का नाही आलात?" म्हणाले, "तू माझ्याकडं बघितलं असतंस." डब्यात प्रसादाचा शिरा होता. निळ्या खडूच्या हातानंच खाल्ला. पुऱ्या ह्यांनी आणि शेजारच्या काकांनी तळल्या होत्या. निम्म्या फुगल्या नाहीत असं कळलं, पण संपल्या सगळ्या.

त्या पैशांतून काय घेतलं ते सांगते आणि थांबते. गटाच्या खोलीत परवा मोठा कॅरम आणून ठेवलाय, स्टँडसकट. संध्याकाळी पाच ते सात मुलींसाठी आणि बायकांसाठी. पोरगे आले तर त्यांना सोंगट्या लावायला बसवा. पावडरचा डबा आईच्या फडताळात आहे, मागून घ्या.