‘लागणे’ : एका क्रियापदाचा माळव्यातील संसार

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या व्याख्यानासाठी एखादा थोर ग्रंथकार निवडावा, असा संकेत आहे. मी एक क्रियापद निवडले आहे, आणि तेही अगदी घरगुती : ‘लागणे’. ऑक्सफर्ड कोशाच्या संपादकांनी २०११ च्या सुमारास ‘रन’ ह्या चिमुकल्या इंग्रजी क्रियापदाची नोंद नव्याने सिद्ध केली, तेव्हा तिच्यात ६४५ अर्थ भरले. असे काही ऐकले की आपण इंग्रजीच्या श्रीमंतीने दिपून जातो. स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत दिवसभर आपली चाकरी करणाऱ्या ‘लागणे’कडे मात्र आपण कधी ढुंकूनही पाहत नाही.

तहान लागते, ठेच लागते, डोळा लागतो. खीर गोड लागते आणि जरा दुर्लक्ष झाले की तीच खीर बुडाला लागते. विहिरीला पाणी लागते, गंजीला आग लागते. एकादशी लागते, ग्रहण लागते, परीक्षेचा निकाल लागतो, मुलीचे लग्न लागते, मुलाला नोकरी लागते आणि ह्या सगळ्याला कोणाची तरी दृष्ट लागते. दूरचा एखादा गृहस्थ आपला मामा लागतो. त्याचे बोलणे मनाला लागते. पावसाची धार लागते. हे वाक्य धार नगरीत जपून बोलावे लागते, आणि पाहा, ते सांगतानाही ह्याच क्रियापदाला बोलवावे लागले.

संस्कृत ‘लग्’ म्हणजे चिकटणे, जोडले जाणे. त्याचेच एक रूप ‘लग्न’. म्हणजे ‘लग्न लागणे’ ह्या प्रयोगात एकच धातू दोनदा येऊन बसला आहे. प्राकृतात त्याचे ‘लग्ग’ झाले. पुढे जोडाक्षराचा भार उतरला, मागचा स्वर दीर्घ झाला आणि मराठीला ‘लाग’ मिळाला. जुन्या मराठीतील ‘तुजलागी’, ‘तयालागी’ ही रूपे त्याच घराण्यातली. आजच्या ‘मला’, ‘तुला’ ह्यांतील ‘ला’ हा प्रत्ययही येथूनच आला, असे काही अभ्यासकांनी सुचविले आहे. मत सर्वमान्य नाही. मोहक मात्र आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला, त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ ची. आपल्या संदर्भ-कपाटातून तो काढून ‘लागणे’ची नोंद जरूर पाहावी. एका परभाषकाने ह्या शब्दामागे किती पायपीट केली असेल, ते त्या नोंदीच्या लांबीवरून कळते.

आता मघाच्या वाक्यांकडे पुन्हा वळू. ‘मला भूक लागली’ ह्या वाक्यात कर्ता भूक आहे. मी केवळ तिचे उतरण्याचे ठिकाण. इंग्रज ‘मी भुकेला आहे’ अशा धाटणीने बोलतो आणि वाक्याच्या आरंभी स्वतः बसतो. मराठी माणूस चतुर्थीत सरकतो आणि भुकेला, तहानेला, वेडाला, छंदाला पुढे येऊ देतो. जे आपल्या इच्छेवाचून आपल्यापाशी येऊन पोचते, त्यासाठी ‘लागणे’. आपण हेतुपूर्वक करतो, त्यासाठी ‘लावणे’. दिवा लावतो, रोप लावतो. डोळा मात्र लागतो. देवासकरांना हा भेद मी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १९४८ साली कुमार गंधर्व प्रकृतीसाठी ह्या गावी आले, क्षयाने त्यांचे गाणे काही वर्षे थांबले, आणि पुढे १९९२ पर्यंत ते येथेच राहिले. गायक सूर लावतो. ज्या दिवशी तो लागतो, त्या दिवशी श्रोत्यांना निराळे सांगावे लागत नाही. सूर ‘लावणे’ आणि सूर ‘लागणे’ ह्यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते एका शब्दात दाखविणारी सोय मला तरी इंग्रजीत आढळलेली नाही.

क्रियापदांचे कौतुक ह्या भूमीला नवे नाही. धारला भोजशाळा-कमाल मौला परिसरात सर्पबंध कोरलेले आहेत. नागाच्या वेटोळ्यांत एके ठिकाणी वर्णमाला आणि नामांचे प्रत्यय, तर दुसऱ्या ठिकाणी धातूंना लागणारे प्रत्यय बसविलेले आहेत. (प्रत्ययही लागतातच!) धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले ह्यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी ह्या लेखांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. तसेच १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध करणारे मोरो केशव दामले काही वर्षे आपल्या शेजारच्या उज्जैनला प्राध्यापक होते. मराठी व्याकरणाच्या इतिहासात माळवा अगदीच परका नाही, एवढेच मला सुचवायचे आहे.

पवारांबरोबर मराठी येथे आली, धारला आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या दोन्ही पात्यांत दरबाराची भाषा म्हणून नांदली. १९४८ साली संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला, आणि मराठी दरबारातून आणि दप्तरातून उठून घरात येऊन बसली. घरात तिच्या शेजारी हिंदीचे ‘लगना’ आहे, माळवीचे ‘लागे’ आहे. तिन्ही एकाच धातूची लेकरे. त्यामुळे धोका लवकर लक्षात येत नाही. ‘भूख लगी’ आणि ‘भूक लागली’, ‘आग लगी’ आणि ‘आग लागली’ : येथे दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात, म्हणून हे अर्थ आपल्या मुलांच्या तोंडी शाबूत आहेत. जेथे हिंदीची वाट निराळी आहे, तेथे मात्र ‘लागणे’ मुकाट्याने बाजूला होते. माझ्या वर्गातली मुले ‘मला जावे लागेल’ऐवजी ‘जावे पडेल’ म्हणतात, कारण हिंदीत ‘जाना पड़ेगा’. वाटेत नदी ‘लागत’ नाही, ‘पडते’. निकाल ‘लागत’ नाही, ‘येतो’. उलट ‘मला वाटते’च्या जागी ‘मला असे लागते’ हे रूप शिरले आहे, कारण ‘मुझे लगता है’.

ह्यावर नाक मुरडावे, असे मला वाटत नाही. तीनशे वर्षे एका अंगणात राहिल्यावर भांडीकुंडी इकडची तिकडे व्हायचीच. पुण्याहून आलेला पाहुणा आपल्या बोलण्याला हसतो, तेव्हा त्याच्या स्वतःच्या ‘मी वेळ घेतला’, ‘मी बस घेतली’ ह्या इंग्रजी वळणाच्या वाक्यांकडे त्याचे लक्ष नसते. मला हुरहूर वाटते ती वेगळ्या कारणासाठी. ‘मला चहात साखर नको’ आणि ‘मला चहात साखर लागत नाही’, ह्यांत पहिल्याने नकार दिला आहे. दुसऱ्याने आपली सवय सांगून यजमानाचा संकोच दूर केला आहे. हा बारकावा गेला, तर त्याच्यासोबत बोलण्याची एक रीत जाते. ती कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. ती आजीच्या तोंडून ऐकून किंवा कथा-कादंबऱ्या वाचूनच येते. आजी आता सर्वच घरांत नाहीत. ग्रंथालयाचा संबंध आला तो येथे.

मराठीत अर्थ ‘लागतो’, अक्षरही ‘लागते’. जुने मोडी कागद उघडले की आपण म्हणतो, ‘अक्षर लागत नाही.’ आज मोडीबद्दल म्हणतो; मला भय आहे ते उद्या ह्या कपाटांतल्या छापील पुस्तकांबद्दल कोणी तसे म्हणण्याचे. ओळ वाचता येईल, पण लागणार नाही.

म्हणून कार्यकारी मंडळाला एक अल्पशी सूचना करतो. देवघेवीच्या मेजावर एक वही ठेवावी. ज्येष्ठ सभासदांनी पुस्तक बदलायला येताना आपल्या घरातला ‘लागणे’चा एखादा प्रयोग, पूर्ण वाक्यासह, तीत लिहावा, शक्य तर तो कोणाच्या तोंडी ऐकला, तेही नोंदवावे. खर्च काही लागणार नाही. पहिली नोंद मीच करून जातो : ‘पान लागणे’, म्हणजे साप चावणे. सापाचे नाव तोंडाने घेऊ नये म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी योजलेला हा आडशब्द. गेल्या वर्षी वर्गात विचारले, तेव्हा सर्वांनी तो विड्याच्या पानाशी नेऊन जोडला.