मंडपातील मेजावरची आरास

नगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील तिसगाव आणि त्याच्या आसमंतातील गावे यांच्या लग्नसराईचा विचार करताना खर्चाचा प्रश्न अटळपणे पुढे येतो. कारण कारखान्यांचा गळीत हंगाम आटोपून ऊसतोडणीस गेलेली कुटुंबे घरी परततात, मढीच्या कानिफनाथांची होळीपासून पाडव्यापर्यंत चालणारी यात्रा उलगते, आणि त्यापुढच्या मुहूर्तांसाठी मुकादमाकडून घेतलेली उचल पुष्कळ घरांना पुढल्या हंगामाच्या मजुरीतून फेडावी लागते. अशा वेळी स्वागतसमारंभातील मेजांवर चार घटका मांडावयाच्या पुष्परचनेसाठी शहरातून महागडा सरंजाम मागवावा, हे काटकसरीच्याच नव्हे, तर सौंदर्याच्या दृष्टीनेही अनाठायी आहे, असे माझे नम्र प्रतिपादन आहे.

आटोपशीर खर्चाने विवाहाचे मांगल्य उणावत नाही, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिला विवाह लावला, तोही अल्प खर्चातच. शिवाय हस्तकौशल्याची आपल्या घरांतून कधी वाण नव्हती; वधूपक्षाच्या स्त्रियांनी महिनोन्‌महिने खपून सजवलेले रुखवत पाहण्यासाठी मंडपात गर्दी लोटत असे, आणि आज तेच तयार विकत मिळू लागले असले, तरी ते घडवणारे हात काही गावातून नाहीसे झालेले नाहीत. रुखवताच्या एका मेजावर एकवटणारे हे कौशल्य पाहुण्यांच्या प्रत्येक मेजावर वाटून द्यावे, एवढीच माझी सूचना आहे.

त्यासाठी लागणारे साहित्य शिवारातच आहे. कुंभाराकडून सुगडे आणावे, ते गेरूने रंगवून त्यावर चुन्याची बारीक वेलबुट्टी काढावी आणि त्याचा तळ ओल्या वाळूने भरावा, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने ते कलंडत नाही आणि फुलांच्या देठांनाही ओलावा मिळतो. रब्बीच्या काढणीत ज्वारीची कणसे व गव्हाच्या ओंब्या पूर्ण पक्व होण्याच्या थोड्या अगोदर, देठासह कापून, जुड्या बांधून सावलीत उलट्या टांगल्या, तर देठ सरळ राहतात आणि दाणे सहसा झडत नाहीत. हे काम मुहूर्ताच्या पुष्कळ आधी उरकता येते. कोरडी कणसे वाळूत न खोवता मध्यभागी ठेवलेल्या बांबूच्या नळकांडीत उभी करावीत, आणि भोवती झेंडूची व शेवंतीची फुले ज्या दिवशी समारंभ असेल त्याच दिवशी खोवावीत. झेंडू उन्हाळ्यातही दिवसभर तग धरतो. निशिगंधाला मात्र पाणी हवे आणि त्याचा दरवळ सायंकाळी अधिक, म्हणून रात्रीच्या समारंभालाच तो घ्यावा. नगर तालुक्यातील अकोळनेरसारख्या गावांतून फुलशेती होते. थेट मळ्यातून पहाटे फुले आणून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली, तर अडत्याची दलाली वाचते आणि फुलेही ताजी राहतात.

सुगड्याखाली अंथरण्यास शिंप्याकडील खणाची कात्रणे पुरेशी होतात. संपूर्ण रचनेची उंची दीड वितीहून अधिक नसावी, कारण जेथे व्याही समोरासमोर बसून बोलणार, तेथे आरास दोघांच्या नजरेच्या आड येता कामा नये. पणत्या लावण्याचा मोह मात्र आवरावा. मंडपाचे कापड आणि वाळलेली कणसे ही दोन्ही चटकन पेट घेणारी आहेत.

समारंभ आटोपल्यावर यांतील फारसे काही वाया जात नाही: कणसे पाखरांसाठी वळचणीला टांगता येतात, सुगड्यांत तुळशीची रोपे लावता येतात, फुले खताच्या खड्ड्यात जातात. एक नमुना आधी करून त्यास लागलेला वेळ आणि साहित्य वहीत टिपून घ्यावे, मग मेजांच्या संख्येप्रमाणे जावा, नणंदा, मावश्या यांच्यात कामाची वाटणी करावी. जमाखर्चात या आराशीची रक्कम किरकोळ दिसेल. पण विहीणबाईंनी कौतुकाने चौकशी केली, तर दुकानाचे नाव सांगण्याऐवजी घरातल्या माणसांची नावे सांगता येतील, आणि यजमानाच्या प्रतिष्ठेला याहून अधिक काही लागते, असे मला वाटत नाही.