आग रामेश्वरीं, बंब सोमेश्वरीं



'आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. काम एकीकडे आणि धांवपळ भलतीकडे, असें दिसलें कीं आपण ती हसत हसत वापरतों. परंतु ज्या शहरांच्या हद्दी एकमेकींस भिडल्या आहेत, तेथें ही म्हण कधीं कधीं अक्षरशः खरी होते. रामेश्वरीं आग असते, सोमेश्वरीं बंब असतो, दोहोंमध्यें अंतर एका नाक्याचें असतें. आणि तरीही तो बंब जागचा हालत नाहीं, कारण मध्यें नगरपालिकेची हद्द आडवी आलेली असते. शेजारच्या शहरांनीं आग विझविण्याची आणि संकटाचा निरोप घेऊन मदत धाडण्याची व्यवस्था एकत्र कां करावी, आणि ती कशी करतां येते, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

आरंभ गणितानें करतों. शाळामास्तराची ती जुनी खोड आहे. समजा, हद्दीलगतच्या एका घराला आग लागली. त्या शहराचें स्वतःचें बंबाचें ठाणें सहा किलोमीटरांवर आहे. पलीकडच्या शहराचें ठाणें दोन किलोमीटरांवर आहे. गर्दींतून वाट काढीत बंब ताशीं तीस किलोमीटर वेगानें धांवला, तर पहिल्याला बारा मिनिटें लागतील, दुसऱ्याला चार. वजाबाकी आठ मिनिटांची. पाटीवर ही बाकी म्हणजे एक साधा आंकडा आहे. पण ज्या घरांत धूर कोंडला आहे आणि आंतल्या खोलींत एखादें म्हातारें माणूस किंवा तान्हें मूल अडकलें आहे, त्या घराला या आठ मिनिटांचा अर्थ विचारावा. धूर माणसाला ज्वाळेच्या आधीं गांठतो, आणि त्याला हद्दीचा नकाशा वाचतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, "यांत एवढें काय? वेळ आली कीं हांक मारावी, शेजारी धांवून येईलच." शेजाऱ्याच्या चांगुलपणाविषयीं मलाही शंका नाहीं. पण चांगुलपणा आणि तयारी या दोन वस्तु निराळ्या आहेत, हें शिकविणारा एक प्रसिद्ध प्रसंग अमेरिकेच्या इतिहासांत घडलेला आहे.

७ फेब्रुवारी १९०४ रोजीं, रविवारीं सकाळीं, बाल्टिमोर शहरांतील एका व्यापारी वखारींत आग लागली. वारा जोराचा होता. पाहतां पाहतां आग एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर उड्या घेऊं लागली. शहरानें शेजाऱ्यांना हांक मारली आणि शेजारी खरोखरच धांवून आले. सुमारें चाळीस मैलांवरील वॉशिंग्टनहून बंब आगगाडीवर चढवून आणण्यांत आले. मागाहून फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क येथूनही पथकें आलीं. माणसें आलीं, यंत्रें आलीं, नळ्या आल्या. आणि मग असें दिसून आलें कीं, पाहुण्यांच्या पुष्कळ नळ्या बाल्टिमोरच्या रस्त्यावरील तोट्यांना बसतच नाहींत! दोहोंचे आटे निराळे. पाणी पायाशीं, नळी हातांत, समोर आग. आणि मधला बोटभर सांधा जुळत नाहीं. सुमारें तीस तास ती आग चालली आणि दीड हजारांवर इमारती तिनें खाल्ल्या. वाऱ्याचा त्यांत मोठा वांटा होता. सर्व दोष आट्यांवर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु पुढें शोध घेतला तेव्हां त्या एका देशांत नळीच्या जोडांचे सहाशेंहून अधिक प्रकार आढळले! १९०५ सालीं सर्व देशाकरितां एक प्रमाण-जोड ठरविण्यांत आला.

प्रमाण ठरलें म्हणजे तें पाळलें जातें, असें मात्र नाहीं. बाल्टिमोरनंतर सत्त्याऐंशी वर्षांनीं, २० ऑक्टोबर १९९१ रोजीं, कॅलिफोर्नियांत ओकलंड आणि बर्कली या दोन जुळ्या शहरांच्या टेकड्यांवर भयंकर वणवा पेटला. त्यांत २५ माणसें दगावलीं आणि अडीच हजारांहून अधिक घरें भस्मसात् झालीं. त्या दिवशींही शेजारी आले होते. ओकलंडच्या तोट्यांचे जोड तीन इंचांचे, आणि पाहुण्यांच्या नळ्या अडीच इंचांच्या! धड्याचें पुस्तक घरांत होतें, पण तें उघडलें गेलें नव्हतें.

आपल्या देशांत जोडाचा प्रश्न पुष्कळ अंशीं सुटलेला आहे. भारतीय मानकाप्रमाणें ६३ मिलिमीटरांचा, आटे नसलेला, दाबतांच खटकन् बसणारा जोड आपल्याकडे रूढ आहे. पण सांधा केवळ धातूचाच असतो असें नाहीं. निरोपाचाही एक सांधा असतो, आणि तो जुळविणें अधिक कठीण आहे.

संकटांतला मनुष्य फोन करतो. त्याचा मोबाइल पलीकडच्या शहराच्या मनोऱ्याशीं जोडलेला असेल, तर हांक तिकडेच जाऊं शकते. तेथील कर्मचारी विचारतो, "पत्ता काय?" उत्तर येतें, "शिवाजी चौकाजवळ." आतां शिवाजी चौक कोणत्या गांवांत नाहीं? विचारपूस होते, हद्द आपली नव्हे असें ठरतें, निरोप दुसऱ्या कक्षाकडे पाठविला जातो, आणि तेथें तोच पाठ पहिल्यापासून म्हणावा लागतो. पुढें दोन्ही शहरांचे बंब आगीपाशीं पोंचले, तरी त्यांचीं बिनतारी यंत्रें एकमेकांशीं बोलत नसतील, तर पाठीला पाठ लावून उभे असलेले जवान एकमेकांस आंधळेच राहतात.

यावर जगानें तीन मार्ग चोखाळून पाहिले आहेत. पहिला मार्ग सर्व दलें मोडून एक करण्याचा. महायुद्धांतील बाँबहल्ल्यांत ब्रिटनमधील एका गांवच्या दलाला दुसऱ्या गांवीं धांवावें लागे, आणि तेथें साहित्यापासून हुकमापर्यंत सारें निराळें असे. म्हणून १९४१ सालीं तेथील सोळाशेंहून अधिक स्थानिक दलें मिळून एकच राष्ट्रीय दल करण्यांत आलें. युद्धानंतर, १९४८ सालीं, तें काम पुन्हां स्थानिक संस्थांकडे गेलें. परंतु दलांची संख्या पूर्वींच्या मानानें फारच थोडी ठेवण्यांत आली. दुसरा मार्ग मागितलेल्या मदतीचा: आपला बंब पुरेनासा झाला, म्हणजे शेजाऱ्यास बोलवावयाचें. हा मार्ग सर्वत्र आहे. आपल्याकडेही मोठ्या आगीच्या वेळीं शेजारच्या पालिकांचे बंब येतात. उणीव एवढीच कीं, मदत मागेपर्यंत आग मोठी झालेली असते.

तिसरा मार्ग न मागतां मिळणाऱ्या मदतीचा. अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत फिनिक्स शहरानें १९७० नंतरच्या दशकांत शेजारच्या शहरांशीं असा करार केला. आज तेथील एकत्रित नियंत्रण कक्ष वीसाहून अधिक दलांकरितां निरोप घेतो. हांक आली कीं, जवळचा मोकळा बंब कोणता, एवढेंच पाहावयाचें. तो कोणत्या शहराचा, हें पाहावयाचें नाहीं. त्याकरितां शिक्षण एका पद्धतीचें, हुकमाचे शब्द एक, आणि ठाण्यांचे क्रमांकही असे कीं एकच क्रमांक दोन शहरांत येऊं नये. शहरें आपापलीं राहिलीं, दलें आपापलीं राहिलीं; फक्त धांवण्याच्या वेळची हद्द पुसली गेली. मला हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

याविरुद्ध आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहींत. पहिला आक्षेप असा: "आमचा बंब शेजारीं गेला आणि तेवढ्यांत आमच्याकडेच आग लागली तर?" याचें उत्तर असें कीं, एक ठाणें रिकामें झालें म्हणजे मागच्या ठाण्याचा बंब पुढें आणून त्या जागीं उभा करावयाचा. सर्व ठाणीं एका कक्षाच्या नजरेखालीं असलीं म्हणजे हें सहज साधतें. एकट्या शहराला तें साधत नाहीं. दुसरा आक्षेप पैशांचा: "कर आम्हीं भरावा आणि बंब शेजाऱ्यानें वापरावा काय?" एखादें शहर दहा बंब ठेवील आणि दुसरें कंजूषपणानें एकच ठेवून शेजाऱ्याच्या जिवावर निर्धास्त झोंपेल, ही भीति खरी आहे. म्हणून करारांत आधींच लिहावें लागतें: प्रत्येकानें किती ठाणीं राखावयाचीं, बंबावर किमान किती माणसें असावयाचीं, कक्षाचा खर्च कोणत्या प्रमाणांत वांटून घ्यावयाचा. शेजारधर्म टिकावयाचा असेल, तर हिशेब चोख पाहिजे. तिसरा आक्षेप गल्लीबोळांच्या माहितीचा. तो तर सर्वांत सोपा. नकाशे एक करावे आणि वर्षांतून कांहीं वेळां दोन्ही दलांनीं हद्दीवर एकत्र सराव करावा.

आपल्या राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचींत अग्निशमन हें नगरपालिकांकडे सोंपवावयाच्या कामांत घातलेलें आहे. तें योग्यच आहे. परंतु काम सोंपविणें म्हणजे कुंपण घालणें नव्हे. पुणें आणि पिंपरी-चिंचवड यांच्यामध्यें दापोडी-बोपोडीजवळ एका मुळा नदीचें अंतर आहे. मुंबई आणि ठाणें यांच्यामध्यें कोठें कोठें तेवढेंही नाहीं. देशभर ११२ हा एकच क्रमांक आतां संकटासाठीं आहे, ही मोठी सोय झाली. पण हांक एका जागीं पोंचणें हें अर्धेंच काम. उरलेलें अर्धें, म्हणजे त्या हांकेला सर्वांत जवळचा बंब निघणें.

आपल्या जवानांच्या धैर्याविषयीं बोलण्याची गरज नाहीं. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या गोदींत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा स्फोट झाला, तेव्हां आगीशीं झुंजतांना ६६ जवानांनीं प्राण दिले. दरवर्षीं त्या दिवसापासून आपण अग्निशमन सप्ताह पाळतों. अशीं माणसें ज्यांच्यापाशीं आहेत, त्यांनीं त्यांना कागदावरच्या रेघेपाशीं अडवून ठेवूं नये.

म्हणून माझी विनंति अशी कीं, जे श्रोते हद्दीवर राहतात त्यांनीं आपल्या नगरसेवकास एकच प्रश्न विचारावा: "माझ्या घराला आग लागली, तर पहिला बंब कोठून निघेल, आणि त्याहून जवळ दुसरा कोणाचा आहे काय?" उत्तर काय मिळतें, यापेक्षां प्रश्न विचारला जातो, याला महत्त्व आहे. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपण मुलांना शिकवितों. विहीर शेजाऱ्याची असली, तर दोर आणि पोहरा आधींच जुळवून ठेवावे, एवढेंच त्यांत जोडून मी आपली रजा घेतों.