मुलांच्या प्रश्नांना खरे उत्तर
(तेर येथे दिलेल्या भाषणावरून)



मूल तीन-चार वर्षांचे झाले की त्याचे "का?" आणि "कसे?" सुरू होते. दमूनभागून घरी आलेले आपण म्हणतो, "गप्प बस, मोठा झालास की कळेल." नाहीतर वेळ मारून नेण्यासाठी थाप मारतो. मूल गप्प बसते, पण दोन गोष्टी शिकते : विचारणे वाईट आणि थाप चालते.

तथागतांनी बालवयातील राहुलाला भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवले, ते फेकले, भांडे पालथे केले आणि समजावले की, जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रमणपण असेच रिते होते. थट्टेतही खोटे बोलू नये. सम्राट अशोकाने बैराटच्या लेखात ज्या सात धम्मग्रंथांची नावे दिली, त्यांत हा उपदेश आहे. मुलांशी बोलतानाही चौथे शील आपल्याला लागू आहे.

आपल्या तेरचेच प्रश्न घ्या. गोरोबाकाकांची कथा ऐकून मूल विचारते, "पायाखालचे बाळ त्यांना दिसले कसे नाही? ते परत जिवंत कसे झाले?" त्याला सांगावे की, गोरोबाकाका नामदेवांच्या काळातले खरे संत. त्यांची तल्लीनता सांगण्यासाठी लोकांनी ही कथा जपली. मेलेले माणूस मात्र परत येत नाही. हे ऐकून मूल रडले, तर जवळ घ्यावे. पण उत्तर बदलू नये.

त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर मागच्या बाजूने गोल का? ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे पुरातत्त्व अभ्यासकांचे मत आहे. यातला 'असावे' हा शब्दही मुलाला सांगावा. अभिमानापोटी तो गाळला, तर तीही थापच.

सर्वांत अवघड प्रश्न शाळेतून येतो : "बाबा, आपली जात कोणती? मुले का विचारतात?" इथे पुष्कळ सुशिक्षित पालक विषय बदलतात. त्यांना भीती वाटते, की कोवळ्या मनाला जखम होईल. पण आपण सांगितले नाही, तर कोणीतरी हिणवून सांगेल. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून वडिलांकडे निघालेल्या लहानग्या भीमरावांना वाटेत रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. पुढे बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले. ते मुलाला सांगावे. त्याच दमात हेही सांगावे की, दोष त्या मुलाचा नव्हता, पाणी नाकारणाऱ्यांचा होता. आणि आज संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे.

जेवढे विचारले तेवढेच, त्याला कळेल अशा शब्दांत सांगावे. येत नसेल तर म्हणावे, "मला ठाऊक नाही, चल, शोधू." लामतुरे वस्तुसंग्रहालय आपल्या गावातच आहे, रविवारी बोट धरून न्यावे. उत्तरापेक्षा बापाचे ते "ठाऊक नाही" मुलाच्या अधिक दिवस लक्षात राहील.