स्त्रीवाद आणि इस्लाम : दोन गैरसमज



नांदेड-लातूरकडील सुशिक्षित घरांत ‘स्त्रीवाद’ हा शब्द निघाला, कीं दोन मतें हटकून ऐकूं येतात. स्त्रीवाद हें परदेशांतून आलेलें, संसार मोडणारें खूळ असून धर्मनिष्ठ मुसलमान घराला तें वर्ज्य आहे, असें एक पक्ष म्हणतो. मुसलमान स्त्रीला न्याय हवा असेल, तर तिनें आधीं धर्म सोडावा, असें दुसरा म्हणतो. हीं मतें परस्परविरोधी दिसतात. पण स्त्रीच्या पदरांत दोहोंपासूनही कांहीं पडत नाहीं.

स्त्रीवाद म्हणजे पुरुषद्वेष नव्हे. स्त्रीची संमति, तिची मिळकत व तिचें शिक्षण यांवर तिचा स्वतःचा हक्क मानणें, हा त्याचा गाभा आहे. कुराणाच्या चौथ्या अध्यायाचें नांवच ‘अन्-निसा’, म्हणजे ‘स्त्रिया’ असें आहे. महर पत्नीला द्यावा, आईबापांच्या मिळकतींत मुलीला वांटा असावा, पतिपत्नींत तेढ पडल्यास दोन्ही घरांकडून एकेक पंच नेमावा, असें तेथें सांगितलें आहे. इंग्लंडांत विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता बाळगण्याचा पूर्ण हक्क देणारा कायदा १८८२ सालीं झाला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ‘परदेशी खूळ’ हा आक्षेप लंगडा पडतो.

निजामी राजवटींत नांदेड हा हैदराबाद संस्थानाचा जिल्हा होता व लातूर उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडत असे. त्याच संस्थानाच्या राजधानींत सुग्रा हुमायूं मिर्झा या लेखिकेनें १९३४ सालीं मुलींसाठीं शाळा काढली. पुढें २००२ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्णपीठानें महत्त्वाचा निर्णय दिला. नांदेड व लातूर या खंडपीठाच्याच कक्षेंत येतात. ‘तलाक दिला आहे’ असें पतीनें न्यायालयांत नुसतें लिहून देणें पुरेसें नाहीं. योग्य कारण व पंचांमार्फत समेटाचा प्रयत्न सिद्ध झाला पाहिजे, असें न्यायालयानें ठरविलें. या निर्णयाचा मोठा आधार कुराणच होतें.

तथापि एवढ्यावर संतुष्ट राहणें बरें नव्हे. वारशांत मुलीचा वांटा मुलाच्या निम्मा आहे आणि बहुपत्नीत्वाला मुभा आहे, या गोष्टी झांकण्यांत अर्थ नाहीं. म्हणूनच हमीद दलवाई यांनीं निराळी वाट धरली. त्यांनीं १८ एप्रिल १९६६ रोजीं मुंबईंत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला आणि १९७० सालीं पुण्यास मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिलें. धर्मग्रंथांतून अर्थ काढीत बसण्यापेक्षां सर्वांना एकच समान कायदा असावा, असें त्यांचें म्हणणें होतें. तीनदां उच्चारून दिलेला तात्काळ तलाक सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं रद्द ठरविला. २०१९ सालीं तो कायद्यानें गुन्हा झाला.

या दोन वाटांचा वाद खरा आहे व तो चालावा. परंतु जो हक्क धर्मानें व कायद्यानें आधींच दिला आहे, तो तरी कितीजणींच्या हातीं पडतो? महर निकाहनाम्याच्या कागदावरच राहतो. आधार नसलेला हुंडा मात्र रोख मोजून घेतला जातो. हिंदु घरांतही १९५६ व २००५ सालच्या कायद्यांनंतर बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलें जातेंच. ‘वांटा मागशील तर माहेर तुटेल,’ ही धमकी दोन्ही घरांत एकाच भाषेंत दिली जाते.

महर निकाहाच्या दिवशींच वधूच्या हातीं द्यावा आणि बापाच्या पश्चात् बहिणीचें नांव सातबाऱ्यावर चढवावें. एवढें करावयास धर्म कोणालाही अडवीत नाहीं.